तारण पुरेसे आहे, एवढे लिहून भागत नाही

बिगरबँक वित्त कंपनीने सामान्य गुंतवणूकदारांसाठी एनसीडी, म्हणजे अपरिवर्तनीय कर्जरोखे, विकायला काढले की जाहिरातीत व्याजदराच्या खालोखाल ठळक छापलेला शब्द असतो ‘सिक्युअर्ड’. माहितीपत्रक उघडले तर तारणाचे प्रमाण किमान शंभर टक्के, काही वेळा एकशे दहा टक्के, राखले जाईल असे आश्वासन सापडते. निवृत्तीच्या पैशातून दोन-तीन लाख बाजूला काढून असे रोखे घेणारा माणूस याचा जो अर्थ लावतो तो अगदी सरळ असतो: आपल्या शंभर रुपयांमागे कोठेतरी शंभर रुपयांची मालमत्ता बांधून ठेवलेली आहे आणि कंपनी अडचणीत आली तर तीतून आपले पैसे निघतील. हा अर्थ चूक आहे असे कोणी त्याला सांगत नाही, आणि मला या लेखात नेमके तेच सांगायचे आहे. तारण पुरेसे आहे की नाही हे तपासणारी चाचणी कितीही काटेकोर असली, तरी ती नापास झाल्यावर पैशाची वाट आपोआप बदलत नसेल, तर तिचे मोल फार थोडे आहे. आपल्याकडे किरकोळ गुंतवणूकदाराला विकल्या जाणाऱ्या रोख्यांत ही वाट बदलत नाही, आणि ती बदलावी असा नियम सेबीने करायला हवा.

या चाचण्यांचे सर्वांत घोटून तयार झालेले रूप अमेरिकेतल्या सीएलओ बाजारात दिसते, म्हणून सुरुवात तेथून करतो. सीएलओमध्ये शे-दोनशे कंपन्यांना दिलेली कर्जे एका स्वतंत्र संस्थेत एकत्र केली जातात आणि त्या संचाच्या आधारावर थराथरांचे रोखे विकले जातात. सर्वांत वरच्या थराला व्याज कमी आणि हक्क पहिला. सर्वांत खाली भागभांडवल, ज्याला सगळ्यांचे देऊन उरलेले मिळते. प्रत्येक थरासाठी दोन चाचण्या असतात. एकीत संचातल्या कर्जांचे मुद्दल त्या थराच्या व त्याच्या वरच्या सर्व थरांच्या देण्याच्या किती पट आहे हे पाहिले जाते. बाजारातली माणसे तिला ओसी, म्हणजे जादा तारणाची, चाचणी म्हणतात. दुसरीत येणारे व्याज देय व्याजाला पुरते का, हे पाहिले जाते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. संच ५० कोटी डॉलरचा, त्यावर विकलेले रोखे ४५ कोटींचे, भागभांडवल ५ कोटींचे. सर्वांत खालच्या रोख्याच्या थरासाठी गुणोत्तर झाले १११ टक्के. करारातली मर्यादा १०७ टक्के धरू. आता २ कोटींची कर्जे बुडीत निघाली आणि त्यांची वसुली शेकडा ४५ धरायची ठरली, तर गुणोत्तराच्या अंशातून, म्हणजे संचाच्या मोजल्या जाणाऱ्या किमतीतून, १ कोटी १० लाख गेले. उरलेल्या ४८ कोटींपैकी ६ कोटींच्या कर्जांचे मानांकन घसरून सीसीसी, म्हणजे बुडण्याच्या उंबरठ्यावरचे, झाले. अशा कर्जांना सहसा संचाच्या साडेसात टक्क्यांपर्यंत मुभा असते, म्हणजे येथे ३ कोटी ६० लाखांपर्यंत; त्यावरची २ कोटी ४० लाखांची कर्जे दर्शनी किमतीने मोजता येत नाहीत, बाजारभावानेच मोजावी लागतात. तो भाव शेकडा ६० असेल तर आणखी ९६ लाख गेले. अंश उरला ४७ कोटी ९४ लाख, गुणोत्तर १०६.५ टक्के, चाचणी नापास. पुढच्या व्याजवाटपाच्या तारखेला या थराच्या खाली असलेल्या भागभांडवलाकडे जाणारे व्याज तेथेच अडवले जाते आणि सर्वांत वरच्या थराचे मुद्दल फेडायला वळवले जाते, गुणोत्तर पुन्हा १०७ वर येईपर्यंत. या उदाहरणात त्यासाठी सुमारे २० लाख डॉलर लागतात. कोणी नोटीस काढत नाही, सभा बोलावत नाही, न्यायालयात जात नाही. विश्वस्ताच्या मासिक अहवालात आकडा खाली गेला की पैसा दुसऱ्या वाटेने जातो, इतकेच.

ही यंत्रणा खरोखर चालते हे २०२०च्या उन्हाळ्यात दिसले. कोविडमुळे मानांकन संस्थांनी कंपन्यांची मानांकने घाऊक प्रमाणात खाली आणली, सीसीसीची मर्यादा ओलांडली गेली आणि अनेक सीएलओंच्या खालच्या थरांच्या चाचण्या नापास झाल्या. भागभांडवलाचे वाटप कित्येक ठिकाणी थांबले. वर्षभरात बहुतेक चाचण्या पुन्हा सुरळीत झाल्या. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सगळ्या कर्जांना त्या मार्च महिन्यातला बाजारभाव लावला असता तर जवळजवळ सगळेच संच नापास ठरले असते आणि चांगली कर्जेही पडत्या भावात विकावी लागली असती. दर्शनी किंमत धरायची, पण बुडालेल्या आणि बुडू घातलेल्या कर्जांना कात्री लावायची, ही मधली वाट त्या वर्षी उपयोगी पडली. म्हणून ‘सर्व तारण बाजारभावानेच मोजा’ ही मागणी मी करणार नाही, जरी ती ऐकायला अधिक कडक वाटत असली तरी.

पण हीच यंत्रणा २००७मध्ये फसली होती, आणि ते विसरून तिची भलामण करणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या वेळी गृहकर्जांच्या रोख्यांचे मधले थर गोळा करून बांधलेल्या सीडीओंमध्येही ओसी चाचण्या होत्याच. फक्त त्यांचा अंश मानांकनावर उभा होता. सबप्राइम, म्हणजे कच्च्या पतीच्या कर्जदारांच्या गृहकर्जांवरच्या, रोख्यांचे बाजारभाव २००७च्या पहिल्या सहामाहीतच कोसळू लागले होते, पण मानांकन संस्थांनी घाऊक कपात सुरू केली ती जुलैमध्ये. तोपर्यंत ते रोखे संचात पूर्ण किमतीने मोजले जात होते आणि चाचण्या पास होत होत्या, म्हणजे खालच्या थरांना पैसेही जात होते. शिवाय घसरलेल्या भावात रोखे विकत घेऊन ते दर्शनी किमतीने मोजण्याची सोय होती. शेकडा ८५ला घेतलेले कर्ज १०० धरले की काहीही न कमावता गुणोत्तर वाढते. आजच्या सीएलओ करारांत ठरावीक भावाच्या खाली घेतलेली कर्जे खरेदीच्या किमतीनेच धरावी लागतात, पण त्या भावाच्या किंचित वर घेतलेल्या कर्जांना ही पळवाट अजूनही खुली आहे. तेव्हा चाचणी नापास झाल्यावर परिणाम आपोआप व्हावा हे आवश्यक आहे, आणि अंशात काय मोजले जाते यावर बाहेरच्या माणसाची नजर असावी हेही तितकेच आवश्यक आहे. त्यापैकी एक असून दुसरे नसेल तर काय होते याचा अमेरिकी धडा २००७चा. दोन्ही नसतील तर काय होते, याचा धडा आपल्याला मुंबईतच मिळाला.

दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, या मुंबईच्या कंपनीने २०१६मध्ये जाहीर विक्रीतून हजारो कोटींचे तारणयुक्त रोखे विकले. मानांकन एएए, म्हणजे सर्वोच्च, होते. तारण होते कंपनीने दिलेल्या कर्जांच्या येण्यावरचा बोजा, आणि त्या बोजात बँकांसह इतर धनकोंचाही सारखाच हक्क होता. फेब्रुवारी २०१९पर्यंत एएए असलेले मानांकन त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘डी’ झाले, कारण कंपनीने रोख्यांवरचे व्याज वेळेवर दिले नाही. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि दिवाळखोरी संहितेखाली पाठवली गेलेली ती पहिली वित्त कंपनी ठरली. धनकोंचे मान्य दावे सुमारे ८७ हजार कोटींचे होते. कंपनी ताब्यात घेण्याचा पिरामल समूहाचा ३४,२५० कोटींचा आराखडा २०२१मध्ये अमलात आला. कंपनीच्या तिजोरीत उरलेली रोकड धरूनही धनकोंच्या हाती एकूण निम्म्याहून कमी रक्कम पडली.

तारणाच्या प्रश्नात या प्रकरणाचे एक अंग मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सीबीआयने मार्च २०२१मध्ये नोंदवलेल्या गुन्ह्यात असा आरोप आहे की कंपनीच्या नोंदींत वांद्रे येथे एक प्रत्यक्षात नसलेली शाखा दाखवली गेली आणि तिच्या नावावर सुमारे २ लाख ६० हजार बनावट गृहकर्ज खाती उघडली गेली. त्यांतून दिल्याचे दाखवलेली कर्जे सुमारे १४ हजार कोटींची होती. हा आरोप आहे आणि त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु रोखेधारकाच्या बाजूने विचार करणाऱ्याने येथे थांबून पाहायला हवे. ज्या कंपनीच्या रोख्यांचे तारण म्हणजे तिची गृहकर्जे, तिच्या एका शाखेतली लाखो खाती खरी होती का, हा प्रश्न पैसे थकेपर्यंत तारण मोजणाऱ्या कोणीही विचारलेला दिसत नाही. गुणोत्तराचा छेद, म्हणजे रोख्यांचे देणे, बाजाराला पैशापैशापर्यंत ठाऊक होते. अंश मात्र कंपनीच्या पुस्तकांतून जसाच्या तसा उचलला जात होता.

सेबीने त्यानंतर काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२०च्या दोन परिपत्रकांनी डिबेंचर ट्रस्टींवर, म्हणजे रोखेधारकांच्या विश्वस्तांवर, तारणाची स्वतंत्र छाननी आणि तिमाही देखरेख यांची जबाबदारी टाकली. कर्जरोखे काढणाऱ्यांनी वसुलीच्या खर्चासाठी वेगळा निधी ठेवावा असा नियम झाला. तारणाची नोंद डिपॉझिटरींच्या, म्हणजे डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांच्या, सामाईक डिजिटल नोंदवहीत करण्याची व्यवस्था एप्रिल २०२२पासून सुरू झाली. मे २०२२मध्ये तारण-प्रमाणपत्राचा नवा तक्ता आला. त्यात एकट्या रोखेधारकांसाठी राखून ठेवलेले तारण आणि इतर धनकोंबरोबर वाटून घ्यायचे तारण वेगवेगळ्या रकान्यांत दाखवावे लागते. रोखे सूचीबद्ध आहेत तोवर तारण किमान शंभर टक्के, किंवा विश्वस्त-करारात लिहिले असेल तितके अधिक, राखावे अशी सक्ती आहे.

हा तक्ता मी ज्यांना शक्य असेल त्यांना एकदा नीट वाचायला सांगेन. शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणत्याही वित्त कंपनीच्या तिमाही निकालांबरोबर तो मिळतो. आडवा पसरलेला, डझनाहून अधिक रकान्यांचा, डाव्या बाजूला स्थावर मालमत्ता, गुंतवणुका, कर्जे, येणी अशा ओळी. शेवटचे रकाने मूल्याचे: बाजारमूल्य ठरवता येत असेल तर ते, आणि येत नसेल तर ताळेबंदातले पुस्तकी मूल्य. वित्त कंपनीच्या बाबतीत तारण म्हणजे मुख्यतः तिने वाटलेली कर्जे, आणि त्या कर्जांना रोजचा बाजारभाव नसतो. त्यामुळे बाजारमूल्याचे रकाने बहुधा रिकामे राहतात आणि सगळा भार पुस्तकी मूल्यावर पडतो. त्या कर्जांपैकी किती तीन हप्ते मागे आहेत, कितींची मुदत वाढवून दिली आहे, कितींना थकू नये म्हणून नवे कर्ज दिले आहे, हे त्या तक्त्यात कोठेही दिसत नाही. सीएलओच्या करारातली सीसीसीची कात्री येथे त्या अर्थाने नाहीच. आणि तिमाही संपल्यानंतर हा कागद लोकांसमोर यायला दोन-अडीच महिने जाऊ शकतात, जे संकटाच्या काळात फार होतात; डीएचएफएल एएए वरून ‘डी’वर यायला चार महिने लागले होते.

पण मूल्यमापनाची ही उणीवही मी दुय्यम मानतो. मुख्य प्रश्न पुढचा आहे. समजा, तिमाहीच्या अखेरीस तारण ९४ टक्के भरले आणि लेखापालाने तसे प्रामाणिकपणे लिहिले. मग काय होते? विश्वस्त कंपनीला पत्र लिहितो. करारात तूट भरून काढायला मुदत दिलेली असते. मुदतीत ती भरली नाही तर कसूर ठरते, विश्वस्त रोखेधारकांना नोटीस देतो, सभा बोलावतो. कर्जफेररचनेच्या सामाईक करारावर त्यांच्या वतीने सही करायची असेल तर मूल्याने किमान ७५ टक्के आणि संख्येने ६० टक्के रोखेधारकांची संमती लागते. म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्यांच्या बाबतीत ही संमती गोळा करणे कठीण असले तरी शक्य आहे. नाशिक, सांगली, डोंबिवली, मडगाव येथे विखुरलेल्या काही हजार घरांची, ज्यांतल्या अनेकांनी एजंटाच्या सांगण्यावरून अर्ज भरला आणि ज्यांचा ईमेल मुलाच्या नावावर आहे, त्यांची संख्येने ६० टक्के संमती गोळा करणे म्हणजे काय हे विश्वस्तांच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना विचारावे. या सगळ्या काळात कंपनीकडे कर्जदारांचे हप्ते येत असतात, आणि त्या पैशांतून ती बँकांचे देऊ शकते, अल्पमुदतीचे कमर्शियल पेपर फेडू शकते, पगार करू शकते. चाचणी नापास झाल्याची कसलीही खूण त्या पैशावर नसते.

याच्या शेजारी आपल्याच देशातला दुसरा प्रकार ठेवून पाहा. वित्त कंपन्या आपल्या कर्जांचे संच वेगळ्या ट्रस्टला विकतात आणि तो ट्रस्ट पास-थ्रू सर्टिफिकेट, पीटीसी, काढतो. तेथे हप्त्यांचा पैसा आधी ट्रस्टकडे जातो, ठरलेल्या क्रमाने वाटला जातो आणि अनेक व्यवहारांत ठरावीक तूट आली की उरलेले व्याज मूळ कंपनीकडे न जाता वरच्या थराच्या मुदलाकडे वळते. डीएचएफएल कोसळत असताना मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९मधील मनाई आदेशामुळे अशा संचांचेही पैसे काही काळ अडकले. परंतु ती कर्जे आता कंपनीच्या मालकीची नाहीत हे मांडता आले आणि त्या रकमा पुढे मोकळ्या झाल्या. एनसीडीधारकांना तसे काही मांडता येण्याची सोयच नव्हती. ते कंपनीच्या दिवाळखोरीत धनको म्हणून रांगेत उभे राहिले.

आता नियमांची उलटी बाजू पाहा. सेबीने २०२५मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार कर्जसंचांवर आधारलेल्या सूचीबद्ध रोख्यांत शिरायचे तर साधारणपणे किमान एक कोटी रुपये लागतात. खासगीरीत्या विकल्या जाणाऱ्या एनसीडीची दर्शनी किंमत मात्र दहा लाखांवरून २०२३मध्ये एक लाखावर आणि २०२४मध्ये, काही अटींवर, दहा हजारांवर आणली गेली, आणि मोबाइलवरच्या नोंदणीकृत मंचांवरून ते रोखे घरबसल्या घेता येऊ लागले. पहिला प्रकार गुंतागुंतीचा, म्हणून तो जाणकारांपुरता. दुसरा सोपा, म्हणून तो सर्वांसाठी, असा त्यामागचा विचार दिसतो. सोपेपणाची ही व्याख्या मला मान्य नाही. ज्या रोख्यात तारण घसरल्यावर पैसा आपोआप वळतो तो मोठ्यांना, आणि ज्यात एका प्रमाणपत्रापलीकडे काहीही हलत नाही तो लहानांना, ही वाटणी संरक्षणाच्या हेतूशी विसंगत आहे.

माझ्या मागणीवर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे की वित्त कंपनी ही बंद पेटी नव्हे. सीएलओ किंवा पीटीसी-ट्रस्ट नवा धंदा करीत नाही, त्याला पगार द्यायचे नसतात, म्हणून तेथे पैसा अडवला तर कोणी मरत नाही. चालू कंपनीचे हप्ते एका तिमाहीच्या आकड्यावरून अडवले तर बँका घाबरतील, इतर करारांतल्या कसुरीच्या अटी पेटतील आणि तात्पुरती अडचण कायमची होईल. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच शंभर टक्क्यांच्या एकाच रेषेवर सगळे टांगणे चूक आहे. परिणाम पायरीपायरीने यायला हवेत. समजा आश्वासन ११५ टक्क्यांचे आहे. ११० च्या खाली गेल्यावर लाभांश, प्रवर्तकांच्या कंपन्यांना कर्ज आणि त्याच येण्यांवर नवा बोजा, एवढेच बंद व्हावे. याने कंपनीच्या रोजच्या व्यवहाराला धक्का लागत नाही. १०५ च्या खाली गेल्यावर तारण ठेवलेल्या कर्जांचे हप्ते विश्वस्ताच्या नियंत्रणातल्या एस्क्रो खात्यात जमा व्हावेत आणि गुणोत्तर सावरेपर्यंत त्यातून फक्त व्याज व मुद्दल द्यावे. हे शक्य व्हावे यासाठी किरकोळ गुंतवणूकदारांच्या रोख्यांचे तारण सर्व धनकोंच्या सामाईक बोजातून बाहेर काढून वेगळे, खात्यांच्या यादीसह नेमून द्यावे लागेल. बँकांना हे आवडणार नाही, कारण सामाईक बोजात त्यांचे फावते. कंपन्यांना काही दशांश टक्के अधिक खर्च येईल. तो खर्च आज रोखेधारक नकळत सोसतो आहे.

अंशाच्या मोजणीसाठीही सेबीला नवीन काही शोधावे लागणार नाही. तारणातल्या ज्या कर्जाचा हप्ता ६० दिवसांहून अधिक थकला आहे ते अर्ध्या किमतीने आणि ९० दिवसांहून अधिक थकलेले शून्य किमतीने धरावे, फेररचना झालेल्या कर्जांना एका मर्यादेपलीकडे कात्री लावावी, असा नियम एका परिच्छेदात लिहिता येतो. वित्त कंपन्या प्रत्येक कर्जाची माहिती पतमाहिती कंपन्यांना आधीच नियमित पाठवतात. विश्वस्ताने तारणाच्या यादीतली खाती त्या नोंदींशी ताडून पाहावीत आणि काही शे खात्यांच्या कर्जदारांशी थेट संपर्क साधून ती माणसे खरोखर आहेत याची खात्री करावी. वांद्र्याची जी शाखा प्रत्यक्षात नव्हती असे सीबीआय म्हणते, तिची खाती अशा तपासणीत टिकली असती का, याचा विचार सेबीच्या अधिकाऱ्यांनी करावा; त्यांचे कार्यालयही वांद्र्यातच, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिमाही तक्त्याऐवजी महिन्याचा, एका पानाचा, मराठीसह भारतीय भाषांत छापलेला अहवाल मागावा, ज्यात तारण किती, थकलेले किती, गुणोत्तर किती आणि पुढची पायरी किती अंतरावर आहे एवढेच असेल. ही सक्ती सुरुवातीला फक्त जाहीर विक्रीच्या आणि दहा हजार दर्शनी किमतीच्या तारणयुक्त रोख्यांना लावावी, मोठ्या संस्थांमधल्या व्यवहारांना सध्या सूट द्यावी. आणि ज्या कंपनीला या अटी परवडत नाहीत तिने रोखे जरूर विकावेत, फक्त जाहिरातीत ‘सिक्युअर्ड’ हा शब्द छापू नये.